बेरिलबाईंची वही

घर घेण्याआधी आम्ही पोलिसांचा नकाशा बघितला होता.
वुडलीच्या या टोकाला, हॉथॉर्न क्लोजवर,
महिन्याला एखादाच ठिपका:
कुणाची सायकल, कुणाच्या गाडीची काच,
आणि 'समाजविघातक वर्तन' या सदरात
बसस्टॉपवर रात्री मोठ्यानं हसलेली चार पोरं.
"सुरक्षित आहे," नवरा म्हणाला,
कलिंगडावर टिचकी मारून सांगावं तसा.

समोर चोवीस नंबरात बेरिल पोकॉक.
पडद्याआड चष्मा, मांडीवर मांजर, हातात पेन्सिल.
दिव्याच्या खांबावर पिवळी पाटी:
इथे शेजाऱ्यांचा पहारा आहे.
शेजारी म्हणजे ती एकटीच.
बाकीच्यांनी दारावर कॅमेरे लावलेले,
आणि कॅमेऱ्यांना दिसायचा कोल्हा,
नाहीतर पार्सल फेकून पळणारा पोरगा.

मी रात्रपाळीची नर्स.
सकाळी सात-दहाला गल्लीत शिरायचे
तेव्हा तो पडदा हलायचा.
चार वर्षं हलला.
मी मनात म्हणायचे, बघ म्हातारे, नीट बघून घे,
हा माझाच डबा, ही माझीच पिशवी.
एकदा तर किल्ली खिशात असताना
मुद्दाम दोन मिनिटं शोधत उभी राहिले.

मग एका ऑक्टोबरात, दिवाळीला चार दिवस असताना,
भरदुपारी मागचं दार उचकटलं कुणीतरी.
आपल्याकडे सोनं असतं हे त्यांना ठाऊक असतं,
ते लॉकरमधून घरी कधी येतं तेही.
पाटल्या गेल्या, आईची ठुशी गेली.
भाजणीच्या डब्यातसुद्धा हात घालून बघितला होता;
ओट्यावर पाच पिठाळ बोटं.
पोलीस आले, एक नंबर देऊन गेले.
महिन्याभरानं नकाशावर आमचा ठिपका उमटला,
आमच्या घरावर नाही, पलीकडच्या तळ्यावर,
जणू चोरी बदकांकडे झाली.

आणि पहारेकरीण कुठे होती?
हे मी चार जणांना विचारलं, हसून.
तिला आदल्या रात्रीच अँब्युलन्सनं नेलं होतं.
माझ्याच हॉस्पिटलात, माझ्या वॉर्डच्या दोन मजले वर
ती नऊ दिवस होती.

जानेवारीत तिची मुलगी गिलियन घर रिकामं करायला आली.
एक जाड वही माझ्या हातात ठेवून म्हणाली,
"यात तुमच्याबद्दल बरंच आहे."

सत्तावीसमध्ये नवे लोक.
पुढचा एक शब्द इतका खोडलेला
की कागद फाटलाय.
कचऱ्याचा डबा चुकीच्या वारी.
बाई सकाळी ७.१० ला येते. कुठून?
७.१०. निळा गणवेश. असं होय.
मग पानंच्या पानं नुसते आकडे,
७.१०, ७.१२, ७.१०,
मी तक्त्यावर पेशंटचा ताप लिहिते तसे.
आणि एका फेब्रुवारीत:
७.५५. बर्फ. अजून नाही.
८.२०. अजून नाही.
८.४१. आली. चालत. आता झोपते.

ती सकाळ मला आठवते.
गाडी चढावर अडकली, तिथेच सोडून आले होते.
घरात सगळे गाढ झोपलेले.
मला उशीर झाला
हे कुणाला कळलंच नाही, असं मी धरून चालले होते.

आता मी नवं कुलूप तीनदा ओढून बघते,
वर गेल्यावर आणखी एकदा खाली येऊन.
परवा चोवीसमध्ये कुणीतरी राहायला आलं.
मोठी व्हॅन, तीन बाप्ये, एक पोर ट्रॅम्पोलिन ओढतंय.
कचऱ्याचा डबा त्यांनी मंगळवारी बाहेर ठेवला.
आमच्याकडे गुरुवार असतो.

वहीत शेवटची काही पानं कोरी आहेत.
मी पडद्याशी बसून लिहिलं:
चोवीसमध्ये नवे लोक.
पुढचा शब्द मनात येऊन बसलाय.
पेन्सिल अजून हातातच आहे.